ऑपरेशन आतड्याचे, पथ्य कोणाच्या घरचे?



गेल्या महिन्यात वस्तीतला एक पोरगा आमच्याकडे आला. मॉलमधल्या एका जपानी हॉटेलात तो किचनमध्ये कामाला आहे. चार महिन्यांपूर्वी टायफॉइडने त्याच्या आतड्याला भोक पडले, रातोरात ऑपरेशन झाले, आतड्याचा तुकडा काढावा लागला. आता तो पुन्हा कामावर जातो. त्याने विचारले, "ताई, रात्री हॉटेल बंद होताना उरलेली सुशी आम्हाला देतात. मी खाल्ली तर चालेल का?" आम्ही काही बोलायच्या आत तोच हसून म्हणाला, "जपानी लोक रोज खातात, आणि तेही बौद्धच की!"

त्याच आठवड्यात एका काकूंकडे गेलो. त्यांना आतड्याचा टीबी होता. लहान आतडे आणि मोठे आतडे जिथे जुळते तो भाग काढला होता. ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. घरातले सगळे मायेने करत होते, पण काकूंच्या ताटात काय? भाताची पेज, मोसंबीचा रस, साबुदाण्याची खीर. अंगावर हाडे उरली होती, जखमेचे एक टोक अजून भरले नव्हते. आम्ही विचारले, अंडी देता का, मासे देता का? लेक म्हणाली, "दवाखान्यातून कागद दिलाय. मांसाहार बंद लिहिलंय."

एकाला कच्चा मासा खायचा होता, दुसरीला शिजवलेलाही मिळत नव्हता. दोघांनाही खरी गोष्ट कोणी नीट सांगितली नव्हती. म्हणून या महिन्याचे आरोग्य पान या विषयाला.

तो कागद कोणाच्या स्वयंपाकघरातून येतो?

आम्ही वॉर्डात नोकरीला होतो तेव्हा तसलेच कागद आम्हीही पेशंटच्या हातात दिले. कागदावर काय असायचे? मऊ भात, मुगाचे वरण, ताक, पनीर, दुधी, सफरचंद शिजवून. खाली एक ओळ: तेलकट, तिखट व मांसाहार टाळा. हे पथ्य वाईट नाही. पण ते ज्या घरात रोज दूध, तूप, पनीर येते त्या घरचे आहे. आपल्या घरात प्रथिने येतात ती अंड्यातून, बोंबलातून, सुकटीतून, कोंबडीतून, कलेजीतून. त्यावर एका ओळीत काट मारली आणि बदल्यात पनीर लिहिले, तर पनीर काही घरात येत नाही. ताटात राहते ती पेज.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकघरांची नोंद केली. तशी नोंद रुग्णालयाच्या आहारतक्त्यात अजून झालेली नाही. तिथे वजरी नाही, चान्या नाहीत, सुकट नाही. नाव नाही, म्हणून त्या कधी खायच्या, कशा खायच्या, किती दिवस थांबायचे, हेही लिहिलेले नाही. त्यात २०१५ पासून राज्यात बैलाच्या मांसावर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त अन्न गेले. म्हशी-रेड्याच्या मांसाला कायद्याने बंदी नाही, तरी ते खातो असे दवाखान्यात सांगायला आपला माणूस कचरतो. डॉक्टर विचारतात, "काय खाता?" आपण म्हणतो, "भाजी-भाकरी." खोटे बोलण्याची ही सवय आपल्याला लाजेने लावली आहे, आणि तिची किंमत जखम मोजते.

पेजेवर जखम भरत नाही

आतडे कापून पुन्हा शिवले की तो सांधा भरायला प्रथिने लागतात. पोटावरची जखम भरायला लागतात, जंतूंशी लढायलाही लागतात. मोठ्या ऑपरेशननंतर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत असे आज आहारशास्त्र सांगते. म्हणजे ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम.

आता हिशेब करा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. काटे काढलेल्या १०० ग्रॅम माशात १८ ते २०. शिजवलेल्या १०० ग्रॅम कोंबडीत सुमारे २५. वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७. कपभर दुधात ५ ते ६. आणि वाटीभर पातळ पेजेत? जेमतेम एक-दोन ग्रॅम. मोसंबीच्या रसात जवळजवळ नाहीच. दिवसभर पेज आणि रस पाजणारे घर माणसाला मायेने उपाशी ठेवत असते.

चिकन सूपचेही तसेच. पाण्यात चव उतरते, ताकद बरीचशी मांसातच राहते. आपल्याकडे पेशंटला सूप देतात आणि फोडी बाकीचे खातात. उलटे करा. फोडी कुस्करून पेशंटला द्या, सूप सगळ्यांनी प्या.

पूर्वी ऑपरेशननंतर कित्येक दिवस तोंडाने काही देत नसत. आता ठरवून केलेल्या बऱ्याच ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी थोडे थोडे पिणे-खाणे सुरू करतात, कारण आतडे लवकर कामाला लागले तर बरे होते. पोटात पू झाला असेल किंवा तातडीचे ऑपरेशन असेल तर थांबावे लागते. ते सर्जनच ठरवणार. पण घरी सोडताना "हळूहळू सगळे खा" असे सांगितले असेल, तर त्या सगळ्यात आपले अन्नही येते.

आपल्या ताटाचा क्रम

"मांसाहार टाळा" या ओळीमागे थोडे खरे कारणही आहे, ते नाकारून चालणार नाही. आपले कालवण तिखट असते, वर तर्री असते, मांस चिवट असते. ऑपरेशननंतर आतड्याला सूज असते, वाट अरुंद असते. चिवट आणि चोथ्याचा घास तिथे अडकू शकतो. पण दोष तर्रीचा आणि चिवटपणाचा आहे, माशाचा किंवा अंड्याचा नाही. म्हणून बंद-चालू असे दोनच खाने करण्यापेक्षा क्रम लावा. डॉक्टरांनी मऊ अन्नाला परवानगी दिली की:

पहिले चार ते सहा आठवडे: पूर्ण उकडलेले अंडे किंवा मऊ भुर्जी. ओला बोंबील, तो मुळातच मऊ. बांगडा, रोहू, कटला, चिलापी, जो मासा परवडेल तो, पण शिजवून काटे बोटांनी एकेक काढून. हळद, मीठ, थोडे आमसूल घालून पातळ कालवण करा, मिरची नको, वर तेल नको. कोंबडीचा किंवा मटणाचा खिमा बारीक करून, कुकरमध्ये मऊ शिजवून. कलेजी आठवड्यातून एकदा, आतून लाल राहणार नाही इतकी शिजवून. सोबत मऊ भात, गाळलेले वरण, दही.

सहा आठवड्यांनंतर, पोट ठीक असेल तर: सुका बोंबील रात्री भिजवून, दोनदा धुऊन, उकडून, तंतू सुटे करून. कोळंबी सोलून, बारीक कापून. सुकट आणि जवळा यांना कवच असते. ते पचत नाही, म्हणून भाजून, कुटून, चाळून फक्त पूड भातावर घ्या. ज्यांना रक्तदाब किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी सुक्या मासळीतल्या मिठाबद्दल डॉक्टरांना विचारूनच खावे.

सगळ्यात शेवटी, दोन-तीन महिन्यांनी आणि विचारून: वजरी, चान्या, खेकडा, माकूल. हे चिवट पदार्थ आहेत. कुकरच्या भरपूर शिट्ट्या, लहान तुकडे, थोडेच खाणे.

दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान. घास इतका चावायचा की तोंडातच त्याचे पीठ झाले पाहिजे. नवीन पदार्थ एका दिवशी एकच, थोडासा. सोसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. सुरुवातीला मका, खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे, कच्ची कोशिंबीर, सालीसकट फळे, संत्र्याच्या फोडींचा चोथा दूर ठेवा. शाकाहारी म्हणून हे पदार्थ निर्धोक वाटतात, पण आतडे अडवण्यात ते माशापेक्षा पुढे आहेत.

सुशीचे काय?

त्या पोराला आम्ही नाहीच म्हटले, पण कारण सांगून. सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेला भात, बहुधा वर किंवा आत कच्चा मासा, आणि बाहेरून समुद्री शेवाळाचा पापुद्रा. जपानी लोक तो खाऊ शकतात कारण मासा होडीतून ताटापर्यंत बर्फातून येतो. तरीही तिथे कच्च्या माशातल्या अ‍ॅनिसाकिस नावाच्या जंताने लोकांच्या पोटात भयंकर दुखते. हा जंत मारायला मासा पूर्ण शिजवावा लागतो किंवा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो. व्हिनेगरने, लिंबाने किंवा झणझणीत वसाबीने तो मरत नाही. घरच्या फ्रिजवर या बाबतीत भरवसा ठेवू नका. आणि गोठवल्याने जंत मेला तरी सगळे जिवाणू मरत नाहीत. लिस्टेरिया नावाचा एक जिवाणू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो.

मग दुपारी केलेली सुशी, रात्री उरलेली, डब्यात घालून लोकलच्या गर्दीत तासभर फिरलेली, ती ऑपरेशन झालेल्या पोटात घालायची? वरचा शेवाळाचा पापुद्राही चिवट, नीट चावला नाही तर गोळा होतो. आम्ही त्याला सांगितले: उरलेली कच्ची सुशी तू कधीच घरी आणू नको, आणि तुझ्या म्हाताऱ्या आजीला व गरोदर वहिनीला तर अजिबात देऊ नको. शिजवलेली कोळंबी किंवा अंडे घातलेली, तुझ्यासमोर ताजी केलेली असेल, तर पापुद्रा काढून, चावून एखादा तुकडा खा. कच्च्या माशाचा विषय सर्जनने सगळे ठीक म्हटल्यानंतरचा. कॅन्सरसाठी केमो चालू असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर कच्चा मासा, अर्धे कच्चे अंडे, न तापवलेले दूध बंदच.

आणि आपण स्वतःला फार शहाणे समजू नये. संध्याकाळी बाजार उठताना भाव पडतो, तेव्हा आपण मासळी घेतो. दिवसभर उन्हात पडलेल्या बांगड्यात, तारलीत, कुप्यात हिस्टामिन नावाचे विष तयार होते. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके ठणकते, उलट्या-जुलाब होतात. घरच्यांसाठी काय घ्यायचे ते घ्या, पण पेशंटसाठी मासा सकाळी घ्या: कल्ले लाल, डोळे चकचकीत, बोटाने दाबले तर मांस परत वर येणारे. घरी आणून लगेच शिजवा, दोन तासांत खायला द्या, उरले तर ते पेशंटला नको. पावसाळ्यात सुक्या मासळीला बुरशीचा वास किंवा डाग दिसला तर फेकून द्या. धुऊन चालवू नका.

पिशवी असलेल्यांसाठी

काहींच्या पोटावर शौचाची पिशवी बसवलेली असते. त्यांची एक वेगळी व्यथा आहे. मासे आणि अंडी खाल्ली की पिशवीला वास जास्त येतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, सार्वजनिक संडासाची रांग. म्हणून ती माणसे अंडी-मासे सोडतात, मग खाणेच सोडतात. वासाची लाज पेशंटची नाही. घरच्यांनी हे तोंडाने बोलून दाखवले पाहिजे. घरी असाल तेव्हा मासे खा, बाहेर जायच्या आदल्या दिवशी टाळा, सोबत ताक-दही घ्या, पिशवी वेळेवर रिकामी करा.

पिशवी लहान आतड्याची असेल तर पाणी आणि मीठ सतत बाहेर जाते. नुसते पाणी, गोड सरबत आणि चहा पीत राहिले तर कधी कधी पिशवी आणखी वाहते. ओआरएस ठेवा. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

दोन वर्षांनी येणारी अशक्ती

काकूंच्या लेकीला आम्ही एक गोष्ट कागदावर लिहून दिली, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच जीवनसत्त्व बी-१२ शोषले जाते. टीबीच्या ऑपरेशनमध्ये अनेकदा नेमका तोच भाग जातो. यकृतात साठा असतो, म्हणून लगेच काही कळत नाही. दोन-तीन वर्षांनी पायाला मुंग्या येतात, तोल जातो, दम लागतो, विसर पडतो, आणि घरचे म्हणतात वय झाले. बी-१२ मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते. पण आतड्याचा तो भाग बराचसा गेला असेल तर कितीही कलेजी खाल्ली तरी शोषले जात नाही, इंजेक्शन घ्यावे लागते. म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि विचारा: आतड्याचा कोणता भाग काढला? किती काढला? मला बी-१२ चे इंजेक्शन लागेल का?

टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत पैसे मिळतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. आतड्याचा टीबी असेल तरी हक्क आहे. नोंदणी झाली का, बँक खाते जोडले का, हे आशाताईंना विचारा. ते पैसे अंड्यांचे आहेत, मोबाइलच्या रिचार्जचे नाहीत.

धम्म काय सांगतो

काही घरांत आम्हाला सांगतात, "आम्ही पंचशील घेतले, मांसाहार सोडला." त्यांचा आदर आहे. त्यांनी दूध, दही, वरण, सोयाबीन वाढवावे आणि बी-१२ कडे जास्त लक्ष द्यावे. पण शेजारच्या पेशंटच्या ताटातली अंडी धम्माच्या नावाने काढू नयेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हे तत्त्व आहे, जखडून टाकणारा नियम नाही, हा फरक समजावून सांगितला आहे. सिद्धार्थाने सहा वर्षे देह सुकवला, त्याने बोधी मिळाली नाही. सुजाताची खीर स्वीकारली, तेव्हा मध्यम मार्गाची वाट दिसली. आजाऱ्याला उपाशी ठेवणे हा आपला मार्ग नव्हे.

विनयपिटकात महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडून होता, कोणी जवळ जात नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा आहे असे संघाला सांगितले. तिथेच रुग्णाचीही कर्तव्ये आहेत. त्यांतले एक म्हणजे आपल्या आजाराची खरी हकीकत सांगणे. म्हणून डॉक्टरांपुढे खरे बोला. काय खाता ते नाव घेऊन सांगा. "मी सुकट खाते, वजरी खाते, ती कधीपासून चालेल?" असे मान वर करून विचारा. उत्तर देणे त्यांचे काम आहे.

आमची मागणी

सरकारी रुग्णालयांच्या आहारतक्त्यात अंडी, मासे, सुकी मासळी आणि मांस ही नावे यावीत, केव्हा व कसे खायचे यासह, सोप्या मराठीत. मांसाहारी पेशंटला वॉर्डात उकडलेले अंडे मिळावे. आतडे काढलेल्याच्या कार्डावर बी-१२ ची सूचना छापावी. हे फार मोठे मागणे नाही.

आणि आपण? विहारात रविवारी वंदनेनंतर पाच मिनिटे काढा. वस्तीत कोणाचे ऑपरेशन झाले ते विचारा. सात घरांनी एकेक वार वाटून घ्या, रोज दोन अंडी आणि वाटीभर काटे काढलेला मासा पोहोचवा. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण वर्गणी काढतोच, ही त्याच वर्गणीची बहीण.

शेवटी धोक्याच्या खुणा. पोट फुगणे, सारख्या उलट्या, वारा व शौच बंद होणे, ताप, जखमेतून पू किंवा मळ येणे, शौचातून रक्त, लघवी फार कमी होणे, लहान आतड्याची पिशवी काही तास कोरडीच राहणे किंवा दिवसात दीड लिटरहून जास्त वाहणे. यांतले काहीही झाले तर काढा, शेक, देवऋषी काही नको. खाणे थांबवा आणि थेट रुग्णालय गाठा.

काकूंनी परवा पातळ कालवणातला ओला बोंबील भातात कालवून खाल्ला. लेकीने काटे काढून दिले. जखमेचे टोक अजून थोडे उघडे आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा ड्रेसिंगला जायचे आहे. जाताना डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी वहीत लिहून घेतलेत. पहिलाच प्रश्न आहे, सुकट कधीपासून?

जयभीम. नमो बुद्धाय.